उडणारं लढाऊ कॅरेक्टर: आऊलिन रेंजर की आराकोक्रा मंक? (डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा भूमिका वठवण्याचा खेळ, पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम)

निळा_फासा

नमस्कार मंडळी,

नवीन कॅम्पेन (बरीच सेशन चालणारी मोहीम) सुरू होतंय. पाचवी आवृत्ती, नियम २०१४ चेच. पहिल्या लेव्हलपासून सुरुवात आहे आणि आठ-नऊपर्यंत नेणार असं डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणतोय. ड्वार्फ क्लेरिक (बरं करणारा पुजारी), ह्यूमन विझर्ड (जादूगार) आणि हाफलिंग रोग (rogue, चोरटा लढवय्या) हे तिघं ठरलेत, चौथा मी. पंख असलेल्या रेस (वंश) पहिल्या लेव्हलपासून चालतील असं डीएमने सांगितलंय, त्यामुळे ही संधी सोडायची नाही.

लढाईतला बहुतेक वेळ हवेत असणारं कॅरेक्टर हवंय, आणि हवेत असण्याचा खरोखर उपयोग व्हायला हवा. नुसते शोभेचे पंख नकोत. डोक्यात दोन पर्याय आहेत. एक, आऊलिन (घुबडासारखी रेस) रेंजर (रानातला शिकारी), लाँगबो घेऊन. दोन, आराकोक्रा (पक्ष्यासारखी रेस) मंक (हातापायांनी लढणारा), झेप घेऊन मारून परत वर. फेअरीही आवडते, पण तिचं काय करावं ते सुचत नाही.

किती उंचीवरून लढायचं, चिलखत कोणतं, चौथ्या लेव्हलला फीट (feat, खास कौशल्य) घ्यायची की डेक्स्टेरिटी (चपळाई) वाढवायची, आणि असं कॅरेक्टर नेमकं कशाने मरतं, हे जाणकारांनी सांगावं.

डीसी_पंधरा

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. उडणारं कॅरेक्टर बाणांनी कमी आणि जमिनीने जास्त मरतं.

नियम असा: उडणारा जीव प्रोन (आडवा) झाला, त्याचा वेग शून्य झाला किंवा त्याची हालचालच बंद पडली, की तो खाली पडतो. हॉवर करता (जागीच तरंगता) येत असेल किंवा फ्लाय स्पेलसारखी जादू धरून ठेवत असेल तरच सुटका. आऊलिन, आराकोक्रा, फेअरी या तिघांच्याही पंखांना हॉवर नाही. पडल्यावर दर १० फुटांना १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) मार, जास्तीत जास्त २०डी६, आणि खाली आपटल्यावर प्रोन.

बहुतेक लोक इथपर्यंतच वाचतात. खरी गोम शून्य एचपीच्या (हिट पॉइंट, जीव किती उरला त्याचा आकडा) नियमात आहे. हवेत असताना शून्यावर आलात की बेशुद्ध, म्हणजे लगेच पडणार. पडण्याचा मार शून्य एचपीवर बसतो, म्हणजे एक डेथ सेव्ह (जगण्या-मरण्याचा फासा) आपोआप नापास. आणि तो मार तुमच्या कमाल एचपीइतका किंवा जास्त असला, तर डेथ सेव्हचा प्रश्नच उरत नाही, जागीच मृत्यू.

पहिल्या लेव्हलचा रेंजर, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४, एचपी १२. हा ६० फुटांवरून बेशुद्ध होऊन पडला तर ६डी६, सरासरी २१. मेलाच म्हणायचा. ४० फुटांवरून ४डी६ मध्ये १२ किंवा जास्त येण्याची शक्यता ७६ टक्के. ३० फुटांवरून साडेसदतीस टक्के. २० फुटांवरून फक्त दोन्ही फाशांवर सहा आले तरच, म्हणजे ३६ मध्ये एकदा.

यातून सोपा हिशोब निघतो. कमाल एचपीला ६ ने भागा, बाकी सोडा, जो आकडा येईल तितके दहा फूट ही तुमची कमाल उंची. नि:शेष भाग गेला तर एक पायरी खाली या. तिसऱ्या लेव्हलला एचपी २८ (सरासरी धरून), म्हणजे ४० फूट. पाचव्या लेव्हलला ४४, म्हणजे ७० फूट. या उंचीखाली राहिलात तर सगळ्या फाशांवर सहा पडले तरी जागीच मृत्यू होत नाही, क्लेरिकला हीलिंग वर्ड (बरं करणारं स्पेल) टाकायला वेळ मिळतो. त्या स्पेलची रेंजही ६० फूटच आहे, तेही लक्षात असू द्या.

आता लोक म्हणतात, इतकं खाली राहायचं तर लाँगबोचा १५० फूट पल्ला काय कामाचा? तो पल्ला आडवा वापरायचा. शत्रूच्या डोक्यावर ९० फूट वर जाण्याऐवजी ४० फूट वर आणि ८५ फूट मागे राहा. सरळ अंतर साधारण ९४ फूट होतं. डाकूंच्या लाइट क्रॉसबोचा साधा पल्ला ८० फूट, त्यापुढे त्यांना डिसॲडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा धरायचा). तुमचे बाण मात्र सरळ जातात.

आकड्यांत पाहा. सहा डाकू, प्रत्येकाच्या हल्ल्याला +३, तुमचा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) १५. ८० फुटांच्या आत प्रत्येकाची लागण्याची शक्यता ४५ टक्के, मार सरासरी साडेपाच. सगळ्यांनी तुमच्यावरच नेम धरला तर राउंडला जवळजवळ १५ एचपी. एचपी २८ असेल तर दोन राउंडमध्ये खाली. ८० च्या बाहेर हीच शक्यता २० टक्क्यांवर येते आणि मार ७ च्या आसपास. आणि ते सगळे तुमच्यावरच नेम धरतात, कारण आकाशात आडोसा नसतो. उंच आणि एकटं जाऊन बसणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

ते ३० फूट पुढे आले की तुम्ही ३० फूट मागे जा. तोवर ते आपला आडोसा सोडून रोग आणि विझर्डसमोर आलेले असतात. आडव्या अंतराचा खरा फायदा हाच.

दुसरं: तुमच्या पार्टीत विझर्ड आहे, तर त्याला आजच सांगा की पहिल्या लेव्हलच्या सहा स्पेलमध्ये फेदर फॉल (पडणं हळू करणारं) हवंच, आणि रोज प्रिपेअर्डही हवं. रिॲक्शनवर (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी झटपट कृती) टाकता येतं, रेंज ६० फूट, एका वेळी पाच जण. ५० फूट वर आणि विझर्डपासून ३० फूट आडवं, हे सरळ अंतर ५८ फूट होतं, म्हणजे बसतंय. ५० वर आणि ४० आडवं झालं की ६४, गेलात बाहेर. फक्त त्याने त्याच राउंडमध्ये शील्ड टाकलं असेल तर त्याची रिॲक्शन संपलेली असते. दोघांनी आधीच ठरवून ठेवा.

पितळी_ड्रॅगन

वरच्या उत्तराला पुरवणी, रेस आणि सामानापुरती.

आऊलिन: चालण्याचा आणि उडण्याचा वेग ३०, डार्कव्हिजन (अंधारात दिसणं) १२० फूट, स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) फुकट. मीडियम किंवा हेवी चिलखत घातलं की उडता येत नाही. रेंजरला सुरुवातीला स्केल मेल की लेदर अशी निवड असते. पुष्कळ जण एसी जास्त म्हणून स्केल मेल उचलतात आणि पहिल्याच सेशनला कळतं की पंख उघडणारच नाहीत. लेदर घ्या, ४५ सोन्याची नाणी जमली की स्टडेड लेदर. आऊलिनचा आकार मीडियम किंवा स्मॉल तुम्ही निवडायचा असतो. मीडियमच निवडा.

का? फेअरीचं नेमकं तिथेच अडतं. ती स्मॉल आहे, आणि लाँगबो हेवी प्रकारात मोडतो. स्मॉल कॅरेक्टरला हेवी हत्याराने प्रत्येक हल्ल्यावर डिसॲडव्हांटेज. हेवी क्रॉसबोचंही तेच. मग शॉर्टबो, पल्ला ८०/३२० (साधा/कमाल), म्हणजे वर सांगितलेला पल्ल्याचा सगळा फायदाच गेला. फेअरी घ्यायची तर स्पेलकास्टर करा. एक गोष्ट मात्र तिची भारी आहे: तिचा प्रकार फे, ह्यूमनॉइड नाही. त्यामुळे होल्ड पर्सन (ह्यूमनॉइडला जखडून टाकणारं स्पेल) तिच्यावर चालतच नाही, आणि हवेतल्या आऊलिनला पाडायला होल्ड पर्सनइतकी स्वस्त युक्ती नाही.

आराकोक्राच्या दोन आवृत्त्या फिरत असतात. २०१५ च्या जुन्या आवृत्तीत उडण्याचा वेग ५० आणि चालण्याचा २५. २०२२ च्या आवृत्तीत दोन्ही ३०. डीएमला कोणती मान्य आहे ते विचारल्याशिवाय गणित मांडू नका, ५० आणि ३० मध्ये वेगळाच खेळ होतो.

चिलखत जड हवं असेल तर पंखवाला टीफलिंग (सैतानी रक्ताची रेस). त्याची अट फक्त हेवी चिलखताची आहे. ब्रेस्टप्लेट आणि ढाल धरून एसी १८ घेऊन ३० फुटांनी उडता येतं. टीफलिंगचे इनफर्नल लेगसीचे (जन्मजात) स्पेल मात्र सोडावे लागतात. तुमच्या पार्टीत पुढे उभं राहायला ड्वार्फ क्लेरिक एकटाच दिसतोय, म्हणून हा पर्याय सांगून ठेवतो.

रिकामा_कप

मंकबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून बोलतो.

रेंजर उत्तमच आहे, पण त्याचा अर्धा वेळ लांब राहण्यात जातो. मंकला पंख दिले की तो शत्रूच्या उडणाऱ्यांचा काळ होतो. पाचव्या लेव्हलला स्टनिंग स्ट्राइक (फटक्याने स्टन, म्हणजे सुन्न करणं) मिळते. स्टन झालेला जीव हालचाल करू शकत नाही, आणि हॉवर नसलेला उडणारा जीव हालचाल गमावली की पडतो. मँटिकोर हा उडणारा राक्षस घ्या. उडण्याचा वेग ५०, शेपटीचे काटे १०० फुटांपर्यंत, एचपी ६८. त्याचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (बचावाचा फासा) +३, तुमचा डीसी (त्याला गाठावा लागणारा आकडा) १४ (विझडम १६ असेल तर). म्हणजे निम्म्या वेळा तो नापास. ५० फुटांवर स्टन केलात तर ५डी६ शिवाय जमिनीवर प्रोन आणि स्टन, आणि खाली ड्वार्फ हातोडा घेऊन उभा. एका 'की' पॉइंटमध्ये (मंकच्या शक्तीचा एक गुण) यापेक्षा जास्त काय मागणार?

वेगाचं गणित: २०२२ चा आराकोक्रा, दुसऱ्या लेव्हलपासून मंकचे १० फूट जास्त, म्हणजे ४०. चौथ्या लेव्हलला 'मोबाइल' नावाची फीट घेतली की ५०. मग २५ फूट खाली झेप, मारायचं, २५ फूट परत वर. या फीटमुळे ज्याच्यावर मेली (जवळून) हल्ला केला त्याच्याकडून ऑपॉर्च्युनिटी अटॅक (दूर जाताना बसणारा फुकटचा वार) नाही, वार लागो न लागो. शेजारी दुसरा शत्रू असला तर मात्र त्याचा ऑपॉर्च्युनिटी अटॅक आहे, हे विसरून लोक मार खातात. तिथे ओपन हँड (मंकची एक शाखा) उपयोगी. फ्लरीचा (जादा फटक्यांपैकी) फटका लागला की त्या शत्रूची रिॲक्शन बंद, सेव्ह नाही काही नाही. दोघांमध्ये झेप घेतलीत तर एकावर साधा हल्ला आणि दुसऱ्यावर फ्लरी वाटून घ्या.

ओपन हँडचा दुसरा पर्यायही हवेत सोन्यासारखा आहे: डेक्स्टेरिटी सेव्ह चुकला की प्रोन. जमिनीवर प्रोन म्हणजे किरकोळ त्रास. हवेत प्रोन म्हणजे खाली.

चौथ्या लेव्हलचं स्लो फॉल पडण्याच्या मारातून लेव्हलच्या पाचपट वजा करतं. पाचव्याला २५. ६० फुटांच्या पडण्याची सरासरी २१, म्हणजे बहुतेक वेळा काहीच लागत नाही. पण ती रिॲक्शन आहे, बेशुद्ध मंकला ती घेता येत नाही. डीसी_पंधरा यांनी दिलेला सहाने भागायचा हिशोब इथेही लागतो. पाचव्या लेव्हलला एचपी ३८, म्हणजे ६० फूट.

कमजोरी सांगायची तर चौथ्या लेव्हलपर्यंत हा मंक अंगाने फार नाजूक असतो. पहिल्या लेव्हलला १० एचपी घेऊन कोणाच्या अंगावर झेप घेऊ नका. मंकला साधी हत्यारं येतात, त्यात शॉर्टबो आहे. तीन लेव्हल तोच चालवा.

निळा_फासा

धन्यवाद, सहाने भागायचा हिशोब लिहून ठेवलाय. आणखी दोन शंका.

शत्रूला पकडून वर न्यायचं आणि सोडून द्यायचं, हे जमतं का? सगळीकडे हीच युक्ती सांगतात. आणि डंजनमध्ये छत असेल तर मी निव्वळ रिकामटेकडा ठरणार का?

डीसी_पंधरा

पकडून नेण्याची युक्ती ऐकायला छान आहे, आकड्यांत कमी भरते. ग्रॅपल केलेल्याला (पकडलेल्याला) नेताना वेग अर्धा. ३० फुटांच्या आऊलिनला एका टर्नमध्ये १५ फूट, म्हणजे १डी६. एक बाण मारला असता तर जास्त मार बसला असता. जुन्या आराकोक्राचा पाचव्या लेव्हलचा मंक असेल तर वेग ६०, निम्मा ३०, एका हल्ल्याच्या जागी ग्रॅपल, ३० फूट वर, सोडलं: ३डी६ आणि प्रोन. पुढच्या टर्नपर्यंत धरून ठेवून स्टेप ऑफ द विंडने (मंकची युक्ती) डॅश (जादा धाव) केलात तर आणखी ६० फूट. तेवढ्यात त्याला सुटायची एक संधी मिळते. शिवाय ग्रॅपल स्ट्रेंग्थच्या (ताकदीच्या) ॲथलेटिक्सवर आहे, आणि मंक किंवा रेंजरची स्ट्रेंग्थ ८ असते.

त्यात वजनाचा वाद. ग्रॅपलच्या नियमात वजनाचा उल्लेख नाही, पण स्ट्रेंग्थ ८ म्हणजे १२० पाउंड वाहण्याची क्षमता, त्यापुढे २४० पर्यंत उचलता येतं पण वेग ५ फूट. चिलखतातला माणूस १२० मध्ये बसत नाही. डीएम हा नियम लावणार का, ते पहिल्या सेशनच्या आधी विचारा. लढाईच्या मध्यात नको.

याच वजनाचा चांगला उपयोग वेगळा आहे. हाफलिंग साधारण ४० पाउंडांचा. तुमचं स्टडेड लेदर १३, धनुष्य २, भाता-बाण मिळून २, दोन शॉर्टसोर्ड ४, एकूण २१. एक्सप्लोरर्स पॅक ५९ पाउंडांचा असतो, तो ड्वार्फच्या पाठीवर ठेवा, आणि हाफलिंग रोग सामानासकट छपरावर पोचवता येतो. ५० फुटांचा दोर १० पाउंड, तो मात्र स्वतःजवळ ठेवा. ड्वार्फ सुमारे १५० पाउंड, चिलखत वेगळं. त्याचा विचार सोडून द्या, तो दोराने येईल.

पडद्यामागून

छताचं मी सांगतो, पडद्याच्या या बाजूने, म्हणजे डीएम म्हणून.

मीडियम जीव ५ फुटांचा घन व्यापतो असं धरा. जमिनीवरचा माणूस शून्य ते ५ फूट, त्याची पोच आणखी ५, म्हणजे १० पर्यंत. तुम्ही १० फुटांवर तरंगत असाल तर त्याच्या तलवारीबाहेर. तुम्हाला स्वतःला ५ फूट लागतात, म्हणजे छत किमान १५ फूट हवं. शत्रूकडे हॅल्बर्ड किंवा ग्लेव्ह असेल तर पोच १०, तुम्हाला १५ फुटांवर जावं लागणार, छत २० फूट. ओगर स्वतः १० फूट व्यापतो, पोच ५, त्याच्यासाठीही १५ फुटांवर आणि २० फूट छत. हिल जायंट १५ व्यापतो आणि पोच १०, तिथे २५. शिवाय तो दगड फेकतो, ६० फुटांपर्यंत नीट. १० फूट छताच्या बोळात उडून काहीही मिळत नाही, जमिनीवर उभं राहून रोगशेजारी लढा.

खोलीत शिरल्यावर पहिला प्रश्न "छत किती उंच?" हाच विचारा. हा प्रश्न पाच-सहा वेळा आला की बहुतेक डीएम नकाशावरच उंची लिहायला लागतात.

डीएम म्हणून तुमच्याविरुद्ध काय वापरलं जाईल तेही सांगतो, गुपित काही नाही.

अर्थबाइंड हे दुसऱ्या लेव्हलचं स्पेल, रेंज ३०० फूट, स्ट्रेंग्थ सेव्ह. नापास झालात तर उडण्याचा वेग शून्य आणि राउंडला ६० फुटांनी सुखरूप खाली. मार लागत नाही, पण शत्रूंच्या मधोमध उतरता. तुमची स्ट्रेंग्थ ८ असणार. रेंजरला स्ट्रेंग्थ सेव्हची प्रोफिशियन्सी (सरावाचे जादा गुण) असते हे त्यातल्या त्यात बरं, मंकलाही असते.

जाळं लागलं की रिस्ट्रेन्ड (अडकलेले), रिस्ट्रेन्ड म्हणजे वेग शून्य, म्हणजे पडणं. पण पल्ला ५/१५, त्यामुळे जाळंवाले जमिनीवर नसतात, छपरावर किंवा झाडावर असतात. बाजाराच्या गल्लीतून खालून उडणाऱ्यासाठी ही नेहमीची जागा. जायंट स्पायडरचं जाळं याहून वाईट, ३०/६०.

हार्पींचं (पंखवाल्या राक्षसिणींचं) गाणं ३०० फुटांपर्यंत ऐकू जातं, विझडम सेव्ह डीसी ११. उडणाऱ्याला वाटेत खड्डा-दरी काही अडवत नाही, तो थेट त्यांच्या नख्यांपर्यंत जातो.

आणि वारा. २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे जोराच्या वाऱ्यात उडणाऱ्याने टर्नच्या शेवटी जमिनीवर उतरायचं, नाहीतर पडायचं. शिवाय सगळ्या रेंज्ड वेपनच्या हल्ल्यांना डिसॲडव्हांटेज. हा नियम उडणाऱ्या धनुर्धराला दोन्हीकडून पकडतो. चांगला डीएम तो कधीमधी वापरतो, प्रत्येक लढाईत वादळ आलं तर खुशाल बाजूला घेऊन बोला. पंखांना परवानगी देऊन मग रोज छाटायचे, हा खेळ नव्हे.

घनदाट जंगलही तपासून घ्या. शार्पशूटर (नेमबाजीची फीट) अर्धा आणि पाऊण आडोसा दुर्लक्षित करतो, पूर्ण नाही. फांद्यांच्या वर गेलात तर खालचं काहीच दिसत नाही.

पितळी_ड्रॅगन

"सुखरूप खाली" वरून आठवलं. कोणी तरी येऊन सांगेल की पडताना आधी उडण्याचा वेग वजा करतात. तो २०१७ च्या पुस्तकातला पर्यायी नियम आहे, डीएमने मान्य केला तरच. आणि तो वाटतो तितका वाचवत नाही. शुद्धीवर असून प्रोन झालेल्यालाच उपयोगी: ३० वेगाचा आऊलिन ४० फुटांवरून प्रोन होऊन पडला तर १० फुटांचाच मार. बेशुद्ध किंवा रिस्ट्रेन्ड झालात तर तुमचा वेगच शून्य, वजा काय करणार? सहाचा हिशोब बदलत नाही.

आणि पाचव्या लेव्हलला विझर्डकडे फ्लाय आलं तरी ते तुमच्यावर टाकू देऊ नका. जादू धरून ठेवते हे खरं, प्रोन होऊन पडत नाही. पण विझर्डचं कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) तुटलं की स्पेल गेलं. ते ड्वार्फवर टाका, तुम्हाला पंख आहेत.

डीसी_पंधरा

तुम्ही रेंजरकडे झुकताय असं वाटतंय, म्हणून पाचव्या लेव्हलचा कागद मांडतो.

वाटायचे २७ पॉइंट, त्यातून: स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १५, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १०, विझडम १५, करिझ्मा ८. आऊलिनचे +२ डेक्स्टेरिटीला, +१ विझडमला, म्हणजे १७ आणि १६. दुसऱ्या लेव्हलला आर्चरी फायटिंग स्टाइल. तिसऱ्याला ग्लूम स्टॉकर (रेंजरची एक शाखा), आणि यात आऊलिनशी जुळणारी मजा आहे. अंब्रल साइटने डार्कव्हिजन ३० फूट वाढतं, १२० चे १५० होतात. लाँगबोचा साधा पल्लाही १५०. अंधारात फक्त डार्कव्हिजनवर अवलंबून असणाऱ्यांना तुम्ही दिसतच नाही, आणि बहुतेकांचं डार्कव्हिजन ६० फुटांचं. रात्रीच्या उघड्या मैदानात "आकाशात आडोसा नाही" ही तक्रारच मिटते. शत्रूने मशाल पेटवली तर उजेडाच्या बाहेर राहा.

पहिल्या टर्नला ड्रेड ॲम्बुशरचे १० फूट जास्त आणि एक जादा हल्ला, त्यावर १डी८. पाचव्या लेव्हलला पहिल्या टर्नला तीन बाण, नंतर दोन. भात्यात २० मावतात, म्हणजे साडेनऊ राउंड. लढाई संपल्यावर एक मिनिट शोधून निम्मे परत मिळतात. दोन भाते ठेवा.

चौथ्या लेव्हलला शार्पशूटर. पाचव्याला साधा हल्ला +८, मार सरासरी ७.५. शार्पशूटरचं उणे पाच-अधिक दहा (नेमात ५ कमी, मारात १० जास्त) लावलं की +३ आणि १७.५. एसी १५ समोर साध्याने प्रति बाण ५.२५, शार्पशूटरने ७.८८. एसी १८ ला ४.१३ विरुद्ध ५.२५. एसी २० ला ३.३८ विरुद्ध ३.५, म्हणजे जवळपास सारखंच. तिथे साधे बाण मारा, निदान लागतील तरी. मरायला टेकलेल्या शत्रूवरही उणे पाच लावू नका.

स्पेल चार: हंटर्स मार्क, लाँगस्ट्रायडर, ॲब्सॉर्ब एलिमेंट्स, पास विदाउट ट्रेस. हंटर्स मार्कची रेंज ९० फूट आहे, बाणाची १५० नव्हे. ४० वर आणि ८० मागे असं अंतर ठेवलंत तर साधारण ८९, नेमकं बसतं. आणखी ५ फूट मागे गेलात तर नवीन खूण करता येत नाही, केलेली मात्र टिकते. म्हणून पहिल्या टर्नला थोडं पुढे, खूण करा, बाण मारा, मग मागे सरका. लाँगस्ट्रायडर एक तास टिकतं, कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, आणि उडण्याचा वेग चालण्याच्या वेगाशी बांधलेला असल्याने तोही ४० होतो.

पडद्यामागून

एक राहिलं. तिरक्या अंतराचं डीएमशी आधीच ठरवा. चौकटीवर खेळताना २०१४ च्या साध्या नियमात तिरका चौकोनही ५ फूट. तसं मोजलं तर ४० वर आणि ८५ मागे हे अंतर ९४ नव्हे, ८५ च होतं. डाकूंच्या ८० पुढे तरीही आहात, हंटर्स मार्क तर थेट बसतं. दोन पद्धतींचं मिश्रण करू नका, त्यावरून तासभर वाद होतात. उंची दाखवायला मिनीशेजारी (कॅरेक्टरच्या छोट्या बाहुलीशेजारी) डी१० ठेवा, एक आकडा म्हणजे १० फूट. डी२० ठेवलात तर कोणी तरी तो हमखास उचलून हल्ल्यासाठी टाकतं.

निळा_फासा

आऊलिन, मीडियम आकार, लेदर. विझर्डवाल्याला फेदर फॉलचा मेसेज टाकलाय. तो म्हणतोय मॅजिक मिसाइल सोडणार नाही, पण स्लीप सोडायला तयार आहे.